एक टकटक सरावाची

हुंदकेबाई रडायला लागल्या की शेजारच्या शिलाईवाल्या वहिनी आधी पंखा बंद करायच्या. पंख्याच्या घरघरीत बारीक हुंदके निसटतात म्हणून. खालच्या मजल्यावर औषधवाले काका स्वयंपाकघराची खिडकी उघडून कान बाहेर काढायचे, आणि त्यांच्या खाली राहणारे मास्तर बायकोला म्हणायचे, "जरा ते मिक्सर थांबव गं, बाई रंगात आल्यात."

आता एखादा परका म्हणेल, काय दगडाच्या काळजाची माणसं! एक बाई धाय मोकलून रडतेय आणि हे चहा घेत ऐकतायत. पण परक्याला काय माहीत? रडणं हा हुंदकेबाईंचा धंदा होता. त्या टीव्हीवरच्या भुतांचं रडायच्या.

दर रविवारी संध्याकाळी एक खुनाची मालिका लागायची. तिचा साचा ठरलेला. सुरुवातीलाच कुणीतरी मरायचं. मग मेलेल्या माणसाचं भूत बंगल्यात फिरायला लागायचं. दिवे लुकलुकायचे, जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे उमटायचे, बंद खोलीतून बाईच्या रडण्याचा आवाज यायचा आणि घरातली माणसं एकमेकांना बिलगायची. शेवटी जाड भिंगांचा चष्मा लावलेला गुप्तहेर यायचा, पलंगाखालून स्पीकर ओढून काढायचा, ओली पावलं उमटवणारा स्पंज सगळ्यांना दाखवायचा आणि इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या एखाद्या नातेवाइकाची मानगूट धरायचा. इतक्या वर्षांत त्या मालिकेत एकही भूत खरं निघालं नव्हतं. सगळी भुतं सख्ख्या नात्यातली!

पडद्यावर दिसणारी भुतं उंच, सडपातळ, मोकळ्या केसांची. त्यांचा आवाज मात्र आमच्या बुटक्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, बाजारात भेंडी मोडून बघणाऱ्या हुंदकेबाईंचा. मालिकेच्या शेवटी नावं इतकी भरभर पळायची की त्यांचं नाव वाचायला गरुडाचे डोळे हवेत. इमारतीनं मग स्वतःच त्यांना एक नाव देऊन टाकलं. पाठीमागे 'हुंदकेबाई', तोंडावर 'ताई'.

कामाला मात्र बाई पक्क्या. स्टुडिओतल्या त्या गादी लावलेल्या कोंडवाड्यात शिरताना चपला बाहेर, घड्याळ पर्समध्ये, अंगावर धुऊन धुऊन मऊ पडलेला सुती कपडा, कारण कडक कापड सळसळतं आणि माईक चहाडखोर असतो. तोंडातल्या तोंडात जीभ चिकटून टकटक आवाज येऊ नये म्हणून आधी हिरव्या सफरचंदाची फोड चघळायच्या. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट मग हेडफोनमध्ये सांगायचा, "ताई, आज ओलं द्या." ओलं म्हणजे बुडून मेलेलीचं. सुकं म्हणजे जळून मेलेलीचं. पोकळ म्हणजे रिकाम्या बंगल्यातलं. सगळ्यांत अवघड ते 'बेखबर'. ज्या भुताला आपण मेलोय हेच अजून कळलेलं नाही आणि जे घरभर फिरून विचारतंय, "कुणी आहे का घरात?", त्याचं रडणं.

"माणूस रडतो श्वास सोडताना," बाई वहिनींना समजावून सांगायच्या, "आणि भूत रडतं श्वास ओढताना. बाहेर टाकायला त्याच्याकडे असतं काय?"

"माझा नवरा घोरतो तसं म्हणा की," वहिनी म्हणायच्या.

सराव बाई न्हाणीघरात करायच्या, कारण तिथे आवाज छान घुमायचा. न्हाणीघराची झडप उघडायची ती इमारतीच्या मधल्या चौकोनी बोळात, आणि त्याच बोळात सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. म्हणजे इकडे भूत हुंदका देणार आणि तिकडे सगळ्यांच्या आमट्या ढवळायच्या थांबणार. शिवाय वहिनींच्या शिलाई यंत्राची खोली आणि बाईंचं न्हाणीघर यांच्यात एकच भिंत, तीही पापडासारखी.

एकदा काय झालं, नव्या भागातलं भूत न्हाणीघरात पडून मेलेल्या बाईचं होतं. हुंदकेबाईंनी सराव सुरू केला, "दार उघडा! मी पडलेय! कुणीतरी या हो!" औषधवाले काका नुकतेच दुकानातून आलेले. हातोडी घेऊन जे धावले ते थेट बाहेरच्या दाराची कडी फोडून आत. पाहतात तर बाई न्हाणीघराच्या दारात उभ्या, हातात कागद, तोंडात सफरचंदाची फोड. "काका, हे वाक्य जरा लांबलं का हो?" बाईंनी विचारलं.

त्या दिवसापासून काकांचं नाव निघालं की 'हातोडी' हा शब्द पाठोपाठ आलाच. मास्तर तर काकांच्या दुकानात जाऊन सर्दीची गोळी मागायचे आणि वर म्हणायचे, "नाक चोंदलंय, फोडू नका म्हणजे झालं." काकांनी कानाला खडा लावला. बाहेरूनही किल्लीनं उघडणारं नवीन कुलूप बसवलं आणि एक किल्ली वहिनींकडे ठेवून दिली. "पुढच्या वेळी खरंच मेल्या तरी मी येणार नाही," ते म्हणाले. सगळे हसले. बाईसुद्धा.

सगळ्या इमारतीला एकच हाव होती. रविवारच्या आधी खुनी कोण ते बाईंकडून काढून घ्यायचं. जिन्यात भेटल्या की मास्तर आवाज खाली आणायचे. "ताई, तो माळी दिसतोय मला. माळीच ना?" वहिनी कपडे उसवता उसवता विचारायच्या, "नुसती मान हलवा. बाई आहे का बुवा?" हुंदकेबाई ओठांवर बोट ठेवायच्या. "सांगितलं तर काम जाईल माझं." आणि डोळ्यांत असं काही हसू आणायच्या की समोरचा आणखी पेटायचा.

खरी गोष्ट अशी की बाईंना काहीच माहीत नसायचं. त्यांच्या हातात यायचा एकच कागद, फक्त भुताच्या प्रसंगाचा. खून कुणी केला, का केला, भुताचं सोंग कुणी घेतलं, हे त्यांनाही रविवारीच कळायचं, टीव्हीसमोर बसून. पण ते सांगायचं कशाला? माहीत असल्याचं सोंग केलं की लोक जिन्यात थांबतात, दारात येतात, वाटीभर काहीतरी आणून देतात. माहीत नाही म्हटलं, की मग एकट्या बाईच्या दाराशी थांबायला कुणाकडे काय कारण उरलं?

पूर्वी आई होती तेव्हा हा प्रश्न नव्हता. त्या दोन खोल्यांत मायलेकीच राहायच्या. म्हातारीला खुनाचं काही पडलेलं नसायचं. ती मालिका बघायची ती रडण्यासाठी. पडद्यावर हुंदका आला की काठी आपटून म्हणायची, "ही आमची!" आणि संपल्यावर, "आज जरा कमी पडलीस हं. दुपारी जेवली नव्हतीस का?"

ती गेली त्या दिवशी सगळं घर माणसांनी भरलं. दादा आला, बाईंचा थोरला भाऊ. सगळे रडत होते, आणि सगळ्यांचं लक्ष बाईंकडे, की आता ही रडणार म्हणजे काय रडेल! बाईंच्या घशाशी हुंदका आलाही होता. पण तो अर्धा बाहेर पडतोय तोच त्यांच्याच कानानं तो पकडला. थोडा लवकर आला, शेवट तुटला, पुन्हा घेऊ. इतक्या वर्षांची सवय ती. हुंदका जो आत गेला तो गेलाच. त्या कोरड्या डोळ्यांनी पाणी आणत राहिल्या, खुर्च्या सरकवत राहिल्या.

जाताना दादा दारात थांबला. "परक्या भुतांसाठी बादल्या भरभरून रडतेस. आईसाठी एक टिपूस नाही आलं तुला?"

त्यानंतर दादाचा फोन आला नाही. बाई करायच्या तेव्हा तो उचलायचा, "हं, बरं आहे," म्हणायचा आणि ठेवायचा.

मग काही आठवड्यांनी स्टुडिओतून बोलावणं आलं. बेखबर भूत होतं. बाई चपला काढून आत गेल्या, फोड चघळली, माईकसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "कुणी आहे का घरात?" आणि फुटल्या. श्वास ओढायचा का सोडायचा, कसला हिशेब उरला नाही. किती वेळ चाललं त्यांना कळलं नाही. काचेपलीकडचा लाल दिवा तेवढा जळत होता. शेवटी हेडफोनमध्ये आवाज आला, "ताई, एकदम कडक! हेच ठेवू." बाईंनी नाक पुसलं, घड्याळ मनगटावर बांधलं आणि बसमध्ये खिडकीजवळची जागा धरून घरी आल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी लोकांनी विचारलं असतं, "म्हणजे खुनी कोण?"

आणि मग तो मंगळवार आला. दुपारची वेळ, बायका स्वयंपाकघरात आवराआवर करत होत्या. बाई न्हाणीघरात नव्या भागाचं ओलं रडणं घोटत होत्या. खाली साबणाचं पाणी होतं. पाय सटकला, बाई आडव्या झाल्या आणि पायाच्या घोट्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि त्याला पाठ लागलेली. हलावं तर पाय जीव घेतोय.

"कुणीतरी या हो!" बाई ओरडल्या. "मी पडलेय!"

मास्तरांचा आवाज खालून वर आला, "जुनाच भाग परत दाखवणार वाटतं!"

"काका!" बाई किंचाळल्या. "काका, खरंच पडलेय!"

"काका घरातच आहेत," काकांची बायको खिडकीतून म्हणाली. "पण हातोडी मी लपवून ठेवलीये!"

बोळभर हशा पिकला. बाई रडायला लागल्या, आता दुखण्यानं आणि भीतीनं. तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "ताई, आजचं जबरदस्त हं! पण जरा हळू, बाळ आत्ताच झोपलंय."

बाईंनी भिंतीवर मुठी मारल्या. पलीकडे शिलाई यंत्राची घरघर चालू होती. वहिनींना कुणाचे तरी कपडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. थंड फरशीवर गाल टेकून हुंदकेबाई पडून राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे आता काही उरलेलं नाही. ओलं, सुकं, पोकळ, सगळी रडणी या लोकांनी ऐकलीत, सगळ्या हाका ऐकल्यात. मदत मागायची जेवढी म्हणून वाक्यं असतात ती सगळी भुतांनी आधीच वापरून ठेवलीत. आपण इथे मेलो तर त्यांना रविवारी कळेल, नवा भाग लागणार तेव्हा.

मग त्यांना जे सुचलं त्यावर त्या पुढे स्वतःच कितीदा तरी हसल्या. त्यांनी रडणं थांबवलं. नाक पुसलं. भाजीवालीला हटकावं तशा रोजच्या आवाजात झडपेकडे तोंड करून म्हणाल्या, "रविवारचा खुनी सांगते!"

बोळात मिक्सर थांबला. नळ बंद झाला. पलीकडे यंत्र टाक्यातच थबकलं.

"पण असा ओरडून नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "घरी या. आत्ता आलात तर."

जिना दणाणला. वहिनी किल्ली घेऊन सगळ्यांच्या पुढे, मागे मास्तर, त्यांच्या मागे काका, आणि वरच्या मजल्याची ती बाळाची आई, झोपलेल्या बाळासकट. दाराचं कुलूप उघडून सगळे आत घुसले ते थेट बैठकीच्या खोलीत. खुर्च्या रिकाम्या. "ताई? कुठे आहात?"

"न्हाणीघरात," आतून आवाज आला. "दार हळू ढकला, माझी पाठ आहे."

पुढे सगळंच गुमान झालं. काकांनी दार इंच इंच ढकललं, वहिनी फटीतून आत शिरल्या, आणि बाईंचा सुजून टम्म झालेला पाय बघून तशाच ओल्या फरशीवर बसल्या. मास्तर भिंतीकडे बघत राहिले. काकांनी बाईंना उचलून खुर्चीत बसवलं. "ताई, तुम्ही हाक मारली होती मला," ते म्हणाले. "मी ऐकली होती हो."

"भुताची ऐकलीत," बाई म्हणाल्या. "माझी कुठे?"

सगळ्यांनी मिळून खुर्चीसकट त्यांना जिन्यातून उतरवलं. सगळ्यांच्या माना खाली. पण माणसाची जात ती! शेवटच्या पायरीवर बाळाची आई हळूच म्हणालीच, "पण ताई... खुनी कोण?"

पायात कळा येत होत्या आणि सगळे आपल्याकडे बघत होते. बाईंनी मालिकेच्या जाहिरातीत दिसलेला पहिला चेहरा आठवला आणि ठोकून दिलं, "आत्या."

पायाला प्लास्टर झालं. वहिनींनी बाईंचा पलंग ओढून न्हाणीघराशेजारच्या त्याच भिंतीला लावला, शिलाई यंत्राच्या बरोबर पलीकडे. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आता आपलं ठरलं. रडण्याचा आवाज आला की मी इकडून भिंत वाजवणार. सराव असेल तर तुम्ही एकदा टकटक करायची. खरं असेल तर दोनदा. मी हातातला कपडा टाकून येईन, मग तो नवरीचा का असेना."

दादाला फोनही वहिनींनीच केला. तो म्हणाला, "प्लास्टर खरंच आहे ना? बघून घ्या." हे वहिनींनी बाईंना सांगितलं नाही. म्हणाल्या, "कामात होते." पण ज्या बाईला श्वासाच्या लांबीवरून रडण्याची जात कळते, तिच्याशी असलं खोटं बोलून काय उपयोग?

स्टुडिओत फोन बाईंनी स्वतः केला. येता येणार नाही, दुसरी कुणी शोधू नका, मी घरून करून पाठवते, वगैरे सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. रेकॉर्डिस्ट भला माणूस. म्हणाला, "ताई, तुम्ही निवांत पडा. तुमचं रडणं आपल्याकडे भरपूर साठलंय. पुढची कितीतरी वर्षं पुरेल."

त्याला वाटलं, आपण धीर दिला.

रविवारी संध्याकाळी सगळी इमारत बाईंच्या खोलीत. घरोघरच्या खुर्च्या आल्या, बाळ आलं. बाई पलंगावर उशीला टेकून. मालिका सुरू झाली. बंगला, खून, लुकलुकणारे दिवे. मग रिकाम्या जिन्यात एक पांढरी आकृती उभी राहिली आणि म्हणाली, "कुणी आहे का घरात?"

बाई उशीवरून पुढे झाल्या.

तेच रडणं होतं. आईनंतरचं. ओल्याच्या जागी साठवणीतून काढलेलं. पहिला हुंदका उशिरा आलेला, मध्येच नाक ओढल्याचा आवाज, शेवट तुटलेला. त्या उंच, देखण्या भुताच्या तोंडी ते जरा ढगळच झालं होतं, पण खोलीतल्या कुणाला ते कळलं नाही. बाळाच्या आईनं अंग चोरून घेतलं. मास्तर म्हणाले, "ताई, मानलं तुम्हाला!" वहिनी तेवढ्या एकदा वळून बाईंकडे बघत राहिल्या, मग पुन्हा पडद्याकडे वळल्या.

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. चष्मेवाला गुप्तहेर पलंगाखाली वाकला. स्पीकर काढेल, स्पंज काढेल, सगळं खोटं म्हणून दाखवेल. पण त्या बंगल्यात एक रडणं खरोखरच फिरत होतं. त्याला अंग नव्हतं, घर नव्हतं, ज्याच्यासाठी ते निघालं होतं ते माणूस नव्हतं. आता ते असंच दर रविवारी कुठल्या ना कुठल्या परक्या जिन्यात उभं राहणार आणि दर वेळी खोटं ठरणार. काठी आपटून "ही आमची" म्हणणारंही कुणी नव्हतं.

आणि खुनी निघाला वकील पुतण्या. आत्या बिचारी गाईसारखी गरीब.

सगळ्या माना पलंगाकडे वळल्या. आता आपलं सोंग उघडं पडलं, बाईंना वाटलं. आपल्याला कधीच काही माहीत नव्हतं हे आता यांना कळणार, आणि उद्यापासून जिन्यात कुणी थांबणार नाही.

एवढ्यात औषधवाले काका मांडीवर थाप मारून हसले. "बघितलंत? पाय मोडला तरी बाईनं नाव फोडलं नाही! आत्या म्हणे! आपल्याला मस्त गंडवलं!"

"कामाच्या पक्क्या हो ताई," मास्तर म्हणाले. सगळे हसत, टाळ्या देत उठले. पुढच्या रविवारी खरं नाव सांगायचं अशी बाईंकडून शपथ घेऊन, आपापल्या खुर्च्या घेऊन गेले. एक खुर्ची उचलायची राहिली. ती बाईंचीच होती, आईची, टीव्हीसमोरची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पडल्या पडल्या त्या खुर्चीकडे बघत होत्या. भिंतीपलीकडे वहिनींचं यंत्र घरघरत होतं. बाईंच्या हातात कुठला कागद नव्हता. यायचाही नव्हता. सफरचंद नव्हतं, घड्याळ मनगटावरच होतं, आणि त्यांना रडू आलं. श्वास सोडत येणारं, ओबडधोबड, शेंबडं. आज कान मध्ये पडला नाही. पडला असता तरी त्यानं ते बादच केलं असतं.

यंत्र थांबलं. भिंतीवर टकटक झाली. वहिनी विचारत होत्या.

बाईंनी तोंडावर चादर दाबली. काय सांगणार? पाय दुखत नव्हता. पडल्या नव्हत्या. म्हातारीला जाऊन इतका काळ लोटला, आणि आज दुपारी अचानक, म्हणून वहिनींनी हातातला कपडा टाकून यायचं? त्यांनी हात वर केला आणि भिंतीवर एकदाच टकटक केली.

सराव.

पलीकडे यंत्र पुन्हा सुरू झालं.

बाईंचा हात भिंतीवरच राहिला होता. बोटांखाली यंत्राची थरथर लागत होती. बऱ्याच वेळानं, इतक्या वेळानं की ती आधीच्या टकटकीला जोडून धरावी की नाही हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, त्यांनी आणखी एकदा टकटक केली. अगदी हळू.

यंत्र टाक्यातच थांबलं. पलीकडे स्टूल सरकलं, कात्री खाली पडली. मग खिळ्याला अडकवलेली किल्ली काढल्याचा आवाज आला, आणि जिन्याच्या बाजूनं घाईघाईत येणाऱ्या चपलांचा.